जुन्या सागवानी आलमारीच्या गंजलेल्या बिजागऱ्या निघत नाहीत, तशाच ठेवून वरून रंग मारला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की आजीची आलमारी आहे, दिवाळीआधी ऑइल पेंट मारायचा आहे, पेच गंजून बसलेत, कोयंडा हलत नाही, आणि शेजारचे सांगतात की तेल सोडा नाहीतर वरूनच रंग ओढा. दोन्ही करू नका. वरून ओढलेला रंग पल्ला चार दिवस उघड-लाव झाला की बिजागरीच्या कडेला तडकतो आणि तिथूनच त्याचे पापुद्रे सुटायला लागतात.

तेलाचा धडा मी स्वतः घेतला आहे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, बाबा वाढईकाम करायचे. लग्नानंतर सासरच्या एका जुन्या आलमारीचे पेच सुटावेत म्हणून मी रात्रभर शिलाई मशीनचं तेल सोडून ठेवलं. पेच सुटले, पण तेल लाकूड प्यायलं. प्रत्येक बिजागरीभोवती रुपयाएवढा रंग आठवडा झाला तरी बोटाला चिकटत होता. तेवढा सगळा भाग खरवडून, थिनरने पुसून पुन्हा करावा लागला. लाकूड रंगवायचं नसेल तर तेल चालतं. रंगवायचं असेल तर थेंबही नको.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पेच आपल्याच भोकात फुगून बसतो. त्यावर जुन्या रंगाचे थर. ताकद लावण्याआधी हे थर तोडायचे असतात. बाबा म्हणत, "आंधी पेचाचं तोंड साफ कर, मंग जोर लाव." पेचाची खाच एकदा झिजली की काम दुप्पट होतं, त्यामुळे सगळी तयारी पहिल्या पिळाच्या आधीच.

आलमारी रिकामी करा आणि बिजागऱ्या ज्या बाजूला आहेत त्या बाजूवर आडवी करा. उघडलेल्या पल्ल्याखाली विटा ठेवा. आता चौकटीतले पेच वर तोंड करून येतात आणि अंगाचं वजन सरळ पेचकसावर देता येतं. उभ्या आलमारीत आडवा हात लावून जोर लावला की पेचकस घसरतो आणि खाच जाते. पोत्यांचा दाभण घ्या आणि खाचेतला रंग तळापर्यंत कोरून काढा, लोखंड चमकेपर्यंत. बिजागरीच्या चारी कडांनी कटरची एक रेघ मारा, नाहीतर ती निघताना रंगाबरोबर लाकडाची साल घेऊन येते. पेचकसाचं पातं खाचेइतकंच रुंद हवं. टोक गोल झालं असेल तर आधी कानशीने सरळ करून घ्या.

एक काळजी घ्या. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आजीच्या काळच्या ऑइल पेंटमध्ये ते भरपूर असू शकतं. म्हणून कोरडं खरवडू नका, पाणी मारून वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) घासा. हे काम अंगणात करा, लेकरांना लांब ठेवा, आणि जुना रंग ब्लो लॅम्पच्या दिव्याने जाळून तर अजिबात काढू नका.

आता पेचकस खाचेत उभा धरा आणि वरून हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके द्या. मग आधी किंचित आवळा. हो, आवळा. गंजाची पकड तुटते ती या उलट्या झटक्याने, तेव्हा बारीकसा "कट्" असा आवाज येतो. त्यानंतर सोडवायच्या बाजूला फिरवा. तरीही हलला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक पेचाच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं दाबून धरा, पेच गार होऊ द्या, पुन्हा करून पाहा. लाइन नसली तर जाड खिळा पकडीत धरून गॅसवर लाल करा आणि डोक्यावर टेकवा. डोक्यावरचा रंग आधीच निघालेला हवा, नाहीतर धूर नाकात जातो.

खाच गेलीच असेल तर हट्ट सोडा आणि ड्रिल घ्या. मध्यावर खिळ्याने खूण ठोका, आधी बारीक बिट, मग पेचाच्या मानेइतका जाड. डोकं गळून पडतं, बिजागरी उचलली जाते, उरलेला बुंधा पकडीने धरून पिळता येतो. बुंधा लाकडाच्या आतच राहिला असेल तर त्यासाठी फळी फोडू नका. ठोकून थोडा आत घाला, वर रेड ऑक्साईड (गंज रोखणारा प्रायमर) लावा, आणि नवं भोक इंचभर सरकवून पाडा.

कोयंड्याचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथेच जास्त पल्ले फुटतात. जुना कोयंडा सहसा पेचाने बसवलेला नसतो. त्याचे दोन पाय फळीतून आरपार जातात आणि मागे उलटे वळवून ठोकलेले असतात. पुढून कितीही ओढा, येणार नाही, फळी तेवढी चिरते. पल्ल्याच्या मागे हात फिरवा, लांबीखाली (म्हणजे भरलेल्या पुट्टीखाली) दोन उंचवटे लागतील. लांबी पाणी मारून खरवडा, पाय पकडीने सरळ करा आणि मागूनच हळूहळू ठोका. कोयंडा पुढे आपोआप सरकतो.

निघालेला प्रत्येक पेच पुठ्ठ्यावर त्याच्या जागेच्या क्रमाने टोचून ठेवा. भोकं सैल झाली असतील तर सागवानाची किंवा बांबूची काडी फेविकॉल लावून ठोका आणि एक दिवस वाळू द्या.

बिजागऱ्या पितळी असतील तर भंगारात मुळीच देऊ नका. जुन्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून उकळा, रंग सोलून येतो. पातेलं ॲल्युमिनियमचं नको, सोडा ते खातो. मग चिंच आणि मीठ चोळा. बसवताना नव्या भोकात आधी त्याच मापाचा लोखंडी पेच एकदा फिरवून काढा आणि मग साबण लावून पितळी पेच घाला. पितळ मऊ असतं, सागवानात सरळ पिळलं तर मानेतच तुटतं.