पुण्यात स्वस्त लॉज घेताना

पहिल्याच मुक्कामात कुबट गादी आणि बंद गीझर वाट्याला आला म्हणून स्वस्तात राहणं सोडू नका. पुणे स्टेशन आणि स्वारगेटच्या आसपास साधे पण स्वच्छ लॉजही मिळतात. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

पैसे देण्याआधी खोली बघा. नुसत्या फोटोंवर ठरवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. चादर उचला, गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या फटीत मोबाईलचा टॉर्च मारा. शाईचे बारीक थेंब पडल्यासारखे काळे ठिपके दिसले, तर ढेकूण आहेत असंच धरा. तिथे बॅगसुद्धा टेकवू नका, ते तुमच्याबरोबर घरी येतात. 'चादर बदलून देतो' म्हणतील; त्याने ढेकूण जात नाहीत.

मग नळ सोडून बघा, दाराची कडी लावून बघा.

काउंटरवर विचारायचं:
- गरम पाणी किती ते किती?
- चेकआउट दुपारी बाराला की चोवीस तासांनी? रात्री उशिरा पोचणाऱ्याला याचा फार फरक पडतो.

पावती घ्याच. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण हातात कागद हवा. आणि नव्या ठिकाणी आधी एकाच रात्रीचे पैसे भरा. आवडलं तर सकाळी मुक्काम वाढवा.