गोठ्याचा लग्नाचा हॉल कसा झाला?

प्रश्न : न्यू जर्सीत मैत्रिणीच्या मुलीचं लग्न एका जुन्या बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या गुरं आणि गवत ठेवायच्या मोठ्या लाकडी इमारतीत झालं, आता तिथे लग्नाचा हॉल आहे. आतल्या खांबांवर, तुळयांवर रोमन आकडे कोरलेले दिसले. नवरा म्हणतो डेकोरेशन असणार. हे आकडे खरे असतात का? आणि गुरांच्या जागेचे हॉल नि हॉटेलं का झाली?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : ताई, आकडे बहुतेक खरेच असणार. जुने बार्न बांधताना सुतार सगळं लाकूड आधी जमिनीवरच कापून, जुळवून घ्यायचे. एका तुळईचं टोक दुसरीच्या खाचेत बसवायचं आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची. सगळं हातकाम, त्यामुळे प्रत्येक टोक फक्त आपल्याच खाचेत नीट बसायचं, म्हणून दोन्हीकडे एकच आकडा कोरून ठेवायचे आणि मग गावातली माणसं बोलवून सांगाडा उभा करायचे. रोमन आकडे का, तर छिन्नीने सरळ रेघा पटकन मारता येतात. पुन्हा गेलात तर चारचा आकडा शोधा, बरेचदा नुसत्या चार उभ्या रेघा असतात, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना तोच आकडा असेल तर तुमच्या मिस्टरांना नक्की दाखवा!

आता दुसरा प्रश्न. इंग्लिश पद्धतीच्या बार्नला दोन्ही लांब बाजूंना समोरासमोर मोठी दारं असायची, मधे मळणीची जागा, एका अंगाला गवत आणि दुसऱ्या अंगाला गुरं. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार जायचा, त्यावर धान्य उफणायचं. तुमच्याकडे जुने डच बार्नही आहेत, त्यांची दारं छपराच्या त्रिकोणी टोकांकडच्या बाजूंना असतात. पुढे मळणी मशीनवर गेली आणि बार्न मुख्यतः दूध आणि गवतासाठी उरला. १८६७ मध्ये विल्यम लाउडन यांनी गवत वर ओढून न्यायच्या ट्रॉलीचं पेटंट घेतलं, तसल्या ट्रॉलीचा रूळ अजूनही कितीतरी बार्नच्या आढ्याखाली लटकलेला दिसतो, मान वर करून बघा.

मग १९५० च्या दशकात दूध कॅनऐवजी थंड टाकीत साठवायची पद्धत आली, तो खर्च छोट्या शेतकऱ्यांना झेपला नाही आणि अनेकांनी गाई विकल्या. १९७० नंतर गवताचे मोठे गोल गठ्ठे करणारी मशीन आली, ते गठ्ठे शेतातच पडून राहिले तरी चालतं, म्हणजे गवत साठवायच्या माळ्याचीही गरज संपली. रिकामा बार्न, वर गळकं छप्पर, आणि त्याची दुरुस्ती करायला शेतीतून पैसा येत नाही. असे किती पडले त्याला गणती नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

जे वाचले त्यातल्या काहींना टॅक्सच्या नियमाने हात दिला. ऐतिहासिक म्हणून मान्यता असलेली इमारत नीट दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के सूट फेडरल टॅक्समधून मिळते, पण ती इमारत उत्पन्न देणारी हवी. स्वतःला राहायला घर केलं तर नाही मिळत, हॉटेल, दुकान, हॉल केला तर मिळते. काम मूळ रूपाला धरून झालंय का हे नॅशनल पार्क सर्व्हिस तपासते, ऐतिहासिक वास्तूंचं कामही बघणारं हे केंद्र सरकारचं खातं.

तुमच्यापासून लांब नसलेलं एक उदाहरण सांगते, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला पोकँटिको हिल्स गावातलं स्टोन बार्न्स. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध श्रीमंत घराण्यातल्या जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांनी घरच्या दुधासाठी हा दगडी गोठा बांधून घेतला, आर्किटेक्ट ग्रॉव्हनर अ‍ॅटरबरी. नंतर बरीच वर्षं तो पडून होता, मग सुनेने, पेगी रॉकफेलर यांनी, तिथे पुन्हा गुरं आणली. शेतजमीन वाचवण्यासाठी त्या खूप झटल्या. १९९६ ला त्या गेल्यावर पती डेव्हिड आणि मुलगी यांनी त्यांच्या आठवणीत तिथे शेतीचं केंद्र उभं केलं, २००४ ला ते आणि ब्लू हिल रेस्टॉरंट सुरू झालं. गाई बांधायच्या तिथे आता लोक जेवतात, गवताच्या माळ्यावर समारंभ होतात, आणि आजूबाजूला शेती चालूच आहे. मला हे फार पटतं, कारण इमारतीबरोबर तिचं कामही थोडं उरलं.

माझ्या मते बार्नचा जीव मधल्या उंच मोकळ्या जागेत असतो. तिथे फॉल्स सीलिंग घातलं, खोल्या पाडल्या की संपलंच. तुमच्या हॉलमध्ये खालून आढ्यापर्यंत नजर जात असेल तर मालकाने काम चांगलं केलंय. बार्न किती जुना ते हवं असेल तर काउंटी क्लर्कच्या ऑफिसात जमिनीचे जुने डीड, म्हणजे खरेदीखतं, बघता येतात, आणि गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीत जुने फोटो मिळण्याची चांगली शक्यता असते.