‘लो सॉल्ट’चा दिवा विझत नाही, पूलमध्ये अजून किती मीठ टाकू?

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: सध्या एक किलोही टाकू नका.

अलिबागचं घर, बोअरवेलचं पाणी, पावसाळा संपता संपता मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणाऱ्या मशीनवर ‘लो सॉल्ट’ लागलं, तुम्ही दोन खेपेला गोण्या ओतल्या, तरी दिवा तसाच आणि पाण्याला हिरवट झाक. हे वाचून माझा पहिला संशय मिठावर नाही, सेलवर जातो, म्हणजे मशीनच्या ज्या भागात क्लोरीन तयार होतो त्यावर. मी याच पट्ट्यात बंगल्यांच्या पूलची देखभाल करतो आणि दिवाळीच्या तोंडावर असे फोन हमखास येतात.

बहुतेक मशीन मीठ थेट मोजत नाहीत. सेलच्या पट्ट्यांमधून करंट किती जातो ते बघून मिठाचा अंदाज बांधतात. मीठ कमी असलं की करंट घटतो, हे खरं. पण पट्ट्यांवर क्षार चढला, सेल जुना झाला किंवा पाणी फार गार पडलं, तरी करंट घटतोच आणि दिवा तोच लागतो. म्हणून आधी मिठाच्या स्ट्रिपने किंवा वेगळ्या सॉल्ट मीटरने मोजा. घरातल्या आरओसाठी आणलेल्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. बोअरच्या पाण्यात मिठाशिवायही पुष्कळ काही विरघळलेलं असतं आणि तो ते सगळं एकत्रच दाखवतो.

घरगुती मशीनना साधारण ३,००० ते ४,००० पीपीएम मीठ लागतं, म्हणजे लिटरला ३ ते ४ ग्रॅम. (समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम असतं.) तुमचा पूल ८ बाय ४ मीटर आणि सरासरी १.४ मीटर खोल, म्हणजे जवळपास ४५,००० लिटर. मोजल्यावर २,८०० आलं आणि मशीनला ३,५०० हवं असेल, तर तूट ७०० पीपीएमची, म्हणजे फक्त ३१-३२ किलो. अंदाजाने गोण्या ओतल्या आणि मीठ जास्त झालं, तर ते काढायचा एकच मार्ग उरतो: पाणी उपसून नवं भरणं.

आता सेल बघा. मेन स्विच बंद करा, व्हॉल्व्ह बंद करा, सेल काढून उजेडासमोर धरा. पट्ट्यांमधून आरपार स्वच्छ दिसलं पाहिजे. गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा, खरबरीत थर दिसला तर दुखणं सापडलं. आधी पाइपने जोरात पाणी मारा, सुटे पापुद्रे निघून जातील. उरलेल्यासाठी चार भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा हवीच. फेस यायचा थांबला की लगेच बाहेर काढून धुवा, १०-१५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. पट्ट्या टायटॅनियमच्या असतात, पण काम करतो तो त्यांच्यावरचा रुथेनियम-इरिडियमचा पातळ लेप. ॲसिडने तो झिजतो आणि स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर कायमचा जातो. माळ्याला हे काम सांगणार असाल तर स्वतः समोर उभे राहा. मीठ बरोबर, सेल स्वच्छ आणि तरी दिवा लागला, तर सेल संपत आलाय असं समजा. तीन ते पाच वर्षं हे त्याचं सर्वसाधारण आयुष्य.

एवढा क्षार चढतो कारण पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, वर गेलेला असतो. सॉल्ट पूलमध्ये पीएच आपोआप चढत राहतो, त्यात बोअरचं जड पाणी. तो ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा, आठवड्यातून दोनदा तपासा. पीएच ८ झाला तर क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा जंतू मारायच्या कामाचा राहतो. मशीन दिवसभर राबतं आणि पाणी मात्र हिरवं, त्यामागे बरेचदा हेच असतं.

हिरवेपणाचं दुसरं कारण पाऊस. अलिबागला वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तुमचा पूल दीड मीटरही खोल नाही. क्लोरीन तयार होताना मीठ खर्च होत नाही, काम झाल्यावर त्याचं परत मीठच होतं. पण पूल ओसंडला की ते वाहून जातं, आणि त्याच्यासोबत स्टॅबिलायझरही, म्हणजे सायन्युरिक ॲसिड. ते नसेल तर आपल्याकडच्या उन्हात क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जातो. सकाळी आणि दुपारी चारला असं दोनदा क्लोरीन मोजा. दुपारी शून्य येत असेल तर स्टॅबिलायझर ५० ते ७० पीपीएमपर्यंत आणा. मात्र तुमचा माणूस टीसीसीए नावाची क्लोरीनची पावडर टाकत असेल तर आधी मोजा, कारण तिच्यातूनही सायन्युरिक ॲसिड पाण्यात जातं. म्हणूनच माझं मत असं, की जून ते सप्टेंबर मीठ टाकतच बसू नये. सेल बंद ठेवावा, हाताने क्लोरीन द्यावा आणि ऑक्टोबरमध्ये एकदाच सगळं मोजून भरावं.

सध्याचं हिरवं पाणी सेलच्या भरवशावर सोडू नका. तासाला २० ग्रॅमचा सेल आठ तास चालला तर १६० ग्रॅम क्लोरीन देतो, तुमच्या पूलमध्ये ३.५ पीपीएम. रोजच्या उन्हातच तेवढा जातो. ॲसिडने पीएच खाली आणा, संध्याकाळी लिक्विड क्लोरीनचा मोठा डोस द्या, भिंती घासा, रात्रभर फिल्टर चालवा, सकाळी बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं. ॲसिड आणि क्लोरीन एकाच वेळी ओतू नका, एका कपाटातही ठेवू नका. दोन्ही मिसळले तर विषारी वायू निघतो. बॅकवॉशचं खारं पाणी सुपारीत किंवा आंब्याखाली सोडू नका.

मीठ टाकायची वेळ आलीच तर पेण-उरणच्या मिठागरांचं खडे मीठ स्वस्त पडतं म्हणून आणू नका. त्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि माती पुन्हा तुमच्याच सेलवर बसणार. रिफाइंड, बिनआयोडीनचं घ्या. सेल बंद, पंप चालू, उथळ बाजूने टाकून ब्रशने पसरवा आणि चोवीस तासांनीच सेल सुरू करा.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. मशीन सारखं बंद पडतं म्हणून काही इलेक्ट्रिशियन फ्लो स्विचला (पाणी वाहायचं थांबलं की सेल बंद करणारा स्विच) थेट वायर जोडून तो बायपास करतात. सेलमध्ये क्लोरीनसोबत हायड्रोजनही तयार होतो. पाणी वाहतं असेल तर तो बुडबुड्यांतून निघून जातो. पंप बंद आणि सेल चालू अशी वेळ आली तर तो पाइपमध्ये साठतो आणि स्फोट होऊ शकतो. तुमच्याकडे लाइट जाते-येते, तेव्हा हा स्विच शाबूत असलाच पाहिजे. बायपास केलेला दिसला तर दुरुस्त होईपर्यंत मशीन लावूच नका.

मीठ, पीएच, स्टॅबिलायझरचे आकडे आणि सेलचा फोटो इथे टाका, मग नेमकं किती काय टाकायचं ते सांगतो.