ओटीपी दिला म्हणून सगळेच पैसे बुडाले का?

प्रश्न : मी संगमनेर तालुक्यात राहते. मोबाइलवरची जाहिरात पाहून बुधवारी एका वेबसाइटवरून साडी मागवली, डेबिट कार्डाने १,७५० रुपये भरले. साडी आली नाही. शुक्रवारी संध्याकाळी खात्यातून ३८,५०० रुपये गेल्याचा मेसेज आला. व्यवहार परदेशातल्या कुठल्याशा साइटवरचा होता, ओटीपी आलाच नव्हता. घाबरून शनिवारी गूगलवर बँकेच्या कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन केला. 'व्यवहार रद्द करतो' म्हणून त्या माणसाने ओटीपी मागितला, मी दिला, आणि आणखी २४,००० गेले. मंगळवारी सकाळी कार्डामागच्या नंबरवर तक्रार केली, तक्रार क्रमांक मिळाला. तरी त्याच संध्याकाळी ६,२०० रुपये गेले. शाखेत म्हणतात, 'ओटीपी तुम्हीच दिलात, शिवाय चार दिवस उशीर केलात.' पोलीस ठाण्यातून 'जिल्ह्याच्या सायबरला जा' म्हणून परत पाठवलं. घरी कुणाला सांगितलेलं नाही. पैसे मिळतील का?

उत्तर : ताई, तुम्ही '७०,४५० रुपयांची फसवणूक' असा एकच अर्ज दिला आहे आणि बँक त्याला एकच उत्तर देते आहे. आधी तो अर्ज बदला. कायद्याच्या नजरेत हे चार वेगळे व्यवहार आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. तुमचा ओटीपी यांतल्या एकाच वादग्रस्त व्यवहाराला लागू आहे. त्याचा डाग बाकीच्यांना लावू देऊ नका.

सगळ्यात मोठी रक्कम ३८,५०० ची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. खातं सहकारी बँकेत असलं तरी डिसेंबर २०१७ पासून तसाच नियम आहे. आता दिवस मोजू. मेसेज ज्या दिवशी आला तो दिवस धरायचा नसतो, आणि कामकाजाचे दिवस तुमच्या शाखेच्या वेळापत्रकाने मोजायचे असतात. शुक्रवार वगळला. तुमच्या पत्रावरच्या तारखा पाहिल्या, तो दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेला सुट्टी. मग रविवार. सोमवार पहिला दिवस, मंगळवार दुसरा. तुम्ही मुदतीत आहात. हा हिशेब अर्जात तारखांसह लिहा, कारण 'चार दिवस उशीर' हे वाक्य शाखेतून बिनदिक्कत फेकलं जातं आणि माणसं ते खरं मानून घरी जातात. याची मला मनापासून चीड आहे.

बँक म्हणेल, कार्डाचा नंबर खोट्या साइटवर तुम्हीच भरलात. हा मुद्दा ती लढवेल, त्याची तयारी ठेवा. पण ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. आणि माझ्या मते तुमचा सगळ्यात धारदार प्रश्न वेगळाच आहे : माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू कुणी केले, कधी केले? ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं सुरू करून द्यायचं असतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा असतो. तुम्ही तो कधीच चालू केला नसेल आणि कार्ड त्यानंतरचं असेल, तर बँकेकडे याची नोंद लेखी मागा. जुन्या कार्डांबाबत बँकांना थोडी मोकळीक होती, म्हणून कार्ड कधीचं ते आधी पाहा.

६,२०० रुपये तर सरळच बँकेचे. तक्रार नोंदल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं, मग आधी ग्राहकाची चूक असो वा नसो. तक्रार क्रमांक आणि वेळ, एवढा पुरावा पुरे.

२४,००० बाबत मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. ओटीपी देणं हा नियमाप्रमाणे ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला जातो आणि तक्रार करेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. तरीही हा मुद्दा सोडून देऊ नका. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करताना खोट्या कस्टमर केअरच्या जाळ्यात सापडलेल्या एका ग्राहकाचे ९४ हजारांवर रुपये गेले होते. त्याने त्या माणसाच्या सांगण्यावरून मोबाइलमध्ये अ‍ॅप घेतलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने स्टेट बँकेला रक्कम द्यायला लावली आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मात्र त्याने चोवीस तासांत तक्रार केली होती आणि त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नव्हता. तुमची गोष्ट तंतोतंत तशी नाही. म्हणून ही मागणी वेगळ्या परिच्छेदात मांडा, म्हणजे ती फेटाळली गेली तरी बाकीच्यांना धक्का लागणार नाही.

उरले साडीचे १,७५०. ते तुम्ही स्वतः भरलेत, म्हणून तो अनधिकृत व्यवहार नाही. माल न मिळाल्याचा वाद बँकेच्या कार्ड-विवादाच्या फॉर्मवर लगेच नोंदवा, त्याला चार्जबॅक म्हणतात. साइटवर विक्रेत्याचं नाव, पत्ता, तक्रार अधिकारी दिसतो का ते पाहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ही माहिती देणं बंधनकारक आहे. साइट बंद पडण्याआधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या.

बँकेने अनधिकृत व्यवहाराची रक्कम खबर मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तोंडी बोलू नका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा. फी नाही, आणि तिथे वकिलामार्फत तक्रार चालत नाही, ती तुम्ही स्वतः किंवा वकील नसलेल्या तुमच्या प्रतिनिधीने करायची. एक सावधगिरी : त्याच मागणीसाठी ग्राहक आयोगात आधी धाव घेतलीत, तर लोकपालाचं दार बंद होतं. म्हणून आधी लोकपाल.

पोलिसांचं काम वेगळं चालू ठेवा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आजच फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरा. पैसे कुठल्या खात्यात अडकलेले असतील तर ते गोठवण्याची शक्यता तासागणिक कमी होते. तिथली पोचपावती म्हणजे एफआयआर नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवावीच लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ओळखचोरीची आणि तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीची कलमं इथे लागतात. ती इंग्रजी अक्षरांतली ६६-सी आणि ६६-डी आहेत, अर्जात तशीच लिहा. सोबत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४). नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लिहा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. एखाद्या खात्यात रक्कम गोठली, तर ती सोडवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागू शकतो. तेव्हा मात्र वकील घ्या.

घरी सांगा, आणि ते आजच. बँकेची, पोलिसांची पत्रं घरी येणारच आहेत, आणि एकटीने हे धरून बसण्यासारखा काही गुन्हा तुम्ही केलेला नाही. 'पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा' असे फोन यापुढे येऊ शकतात. सरकारी अधिकारी म्हणून बोलले तरी एक रुपया देऊ नका. नवीन कार्ड मिळालं की परदेशी वापर बंद आहे ना ते पाहा, ऑनलाइनची मर्यादा दोन-तीन हजारांवर आणा, आणि खरेदीसाठी थोडीच शिल्लक असलेलं दुसरं खातं वापरा. बँकेचा नंबर कार्डामागचाच घ्या, गूगलवर शोधू नका. सुधारलेला अर्ज देताना जुना अर्ज मागे घेऊ नका. 'पूर्वीच्या तक्रारीच्या पुढे' असं लिहून तोच तक्रार क्रमांक टाका, म्हणजे मंगळवारची तारीख तुमच्याकडेच राहील.