सोडायची तारीख ठरवण्याआधी

प्रिय मित्रा,

सिगारेट सोडायची ठरवलीस हे वाचून फार बरं वाटलं. तू लिहितोस की मन घट्ट केलंय. ते हवंच, पण नुसत्या मनाच्या जोरावर सोडणारे बरेच जण पहिल्याच आठवड्यात पुन्हा ओढू लागतात. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं आणि त्याला सरावलेला मेंदू मागणी सुरू करतो. चिडचिड, अस्वस्थपणा, उडालेली झोप, वाढलेली भूक हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणून त्या पहिल्या दिवसांची सोय आधी लाव, आणि मगच येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख पक्की कर.

आधी एवढं बघ: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांनी पेटते? अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर सवय खोल आहे. धुराशिवाय थोडं निकोटीन देऊन तलफ भागवणारा निकोटीनचा गम (चघळायची गोळी) घेणार असशील तर 4 मि.ग्रॅ.चा घे. पहिली सिगारेट त्यानंतर असेल तर 2 मि.ग्रॅ.चा पुरतो.

गम साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहिलास तर निकोटीन पोटात जातं, वाया जातं, वर उचकी आणि मळमळ. मग लोक म्हणतात, गमचा उपयोग होत नाही. हळूहळू चघळ, तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांब आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेव. चव ओसरली की पुन्हा थोडा चघळ, मग जागा बदलून ठेव. एक गम अर्धा तास चालतो. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, सोडा काही नको. आम्लामुळे निकोटीन तोंडातून शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक घे. तलफ अनावर होईपर्यंत थांबलास तर गमला उशीर झालेला असतो. दिवसाला 24 च्या वर जाऊ नकोस.

दुसरा उपाय पॅच, म्हणजे त्वचेतून निकोटीन देणारी चिकटपट्टी. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढत असशील तर पॅच 21 मि.ग्रॅ.चा: सहा आठवडे तो, मग दोन आठवडे 14 चा, दोन आठवडे 7 चा. रोज सकाळी नवा, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर, दरवेळी वेगळ्या जागी. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेव. पॅच आणि गम एकत्र वापरले तर एकट्या कशाहीपेक्षा यश जास्त मिळतं, पण डॉक्टरांना विचारूनच. वय अठराच्या आत असेल, हृदयाचा त्रास असेल, किंवा मानसिक आजार, दमा, मधुमेह यांची औषधं चालू असतील तर ते आधी सांग. धूर थांबला की काही औषधांचा डोस बदलावा लागतो. तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिन ही गोळीही आहे. ती सोडायच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू करतात आणि मळमळ टाळायला जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतात. तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट: सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर संपवतं. धूर थांबला की तेवढ्याच कॉफीतून रक्तात जवळपास दुप्पट कॅफीन राहतं. मग हात थरथरतात, झोप येत नाही, आणि दोष सिगारेट सोडण्याला जातो. पहिल्याच दिवसापासून चहा-कॉफी निम्मी कर. सुरुवातीला खोकलाही वाढेल, घाबरू नकोस. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागलेले असतात.

आता माणसांबद्दल, आणि यावर आमचा जास्त भर आहे. ‘पाठिंबा द्या’ एवढं सांगून भागत नाही. प्रत्येकाला एकेक काम दे. घरात कोणी ओढत असेल तर त्यांनी पाकीट तुझ्या नजरेआड ठेवायचं आणि बाहेर जाऊन ओढायचं. एका मित्राने पहिला आठवडा तुझ्या धोक्याच्या वेळेला, जेवणानंतर किंवा काम सुटल्यावर, स्वतःहून फोन करायचा. तू फोन करशील असं ठरवू नकोस. तलफ आलेला माणूस फोन करत नाही. समुपदेशक किंवा हेल्पलाइन मिळाली तर त्यांनीच तुला सोडायच्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि महिन्याने फोन करावा असं मागून घे. सोडणाऱ्यांचा गट असेल तर तारखेच्या आधीच्या बैठकीपासून जा. काही गटांत श्वासातला कार्बन मोनॉक्साइड (सिगारेटच्या धुरातला विषारी वायू) मोजतात. तो एक-दोन दिवसांत उतरतो, आणि तो उतरलेला आकडा डोळ्यांनी पाहिला की धीर येतो.

गट नसेल तर कॉलेजकडे, कामाच्या ठिकाणी मागणी कर. यात संकोच नको. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार 2003 मध्ये स्वीकारला गेला, 2005 पासून लागू आहे. त्याच्या कलम 14 नुसार सोडणाऱ्यांना मदत पुरवणं ही सहभागी देशांची जबाबदारी आहे. बंदिस्त जागा पूर्ण धूरमुक्त करा, हेही तिथेच माग. खिडकी उघडून किंवा पंखा लावून शेजारच्या माणसाचा बचाव होत नाही.

एखादा झुरका घेतलाच, तर तो घसरलेला पाय समज. उरलेलं पाकीट त्याच वेळी पाण्यात भिजवून टाक, पॅच चालू ठेव, आणि त्या मित्राला त्याच दिवशी सांग. लपवलेली एक सिगारेटच पुढच्या पाकिटापर्यंत नेते. दारूच्या बैठका मात्र पहिला महिना टाळच. परत सुरू होण्याचं ते नेहमीचं ठिकाण आहे.

तारीख, पहिल्या सिगारेटची वेळ आणि फोन करणाऱ्या मित्राने होकार दिला का, एवढं उलट टपाली कळव. डोस कोणता आणि कधीपासून, ते मग डॉक्टरांशी बोलून ठरवू.