जपानी आरपीजी, म्हणजे पात्राच्या भूमिकेतून लांबलचक गोष्ट जगायचे व्हिडिओ गेम, इंग्रजी अनुवादात खेळले तर खरी गोष्ट कळते का, की त्यासाठी जपानी शिकायलाच हवं?

कळते. आणि 'खरी गोष्ट वेगळीच आहे' असं तुम्हाला कुणी ऐकवलं असेल, तर त्याला हे उत्तर वाचायला द्या. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, हेच वाक्य मला कित्येक वर्षं ऐकवलं आहे.

पुढे फायनल फँटसी या जपानी गेममालिकेतल्या फायनल फँटसी टेनचा शेवट सांगणार आहे. गेम २००१ चा आहे, तरी कुणाला खेळायचा राहिला असेल तर त्याने इथेच थांबावं.

२००४ च्या मे महिन्यात कोथरूडला दादाच्या घरी आम्ही दोघांनी मिळून तो संपवला. शेवटी नायक टीडस विरत जातो, कारण तो मुळात हाडामांसाचा माणूसच नाही. हजार वर्षांपूर्वी उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या स्वप्नातला तो मुलगा. त्याच्यावर जीव असलेली युना मिठी मारायला धावते, त्याच्या आरपार जाते आणि पडते. उठते, आणि त्याच्याकडे पाठ असतानाच म्हणते, "आय लव्ह यू." तो मागून येऊन तिला कवेत घेतो, तिच्यातून पुढे निघून जातो आणि हवाई जहाजावरून उडी घेतो. मी रडले. दादाही रडला होता.

पुढे दादाला कंपनीने नागोयाला पाठवलं. २००७ च्या दिवाळीत तो आला, तो तिकडचा जुना जाडा पीएसटू (गेम खेळायचं यंत्र) आणि त्याच गेमची जपानी डिस्क घेऊन. तिकडची वीज १०० व्होल्टची, आपली २३०. मग बुधवार पेठेतून ट्रान्सफॉर्मर आणला. पाडव्याच्या दुपारी त्याने मला बोलावून तोच प्रसंग लावला. युना उठली आणि म्हणाली, "आरिगातो."

"बघ," दादा म्हणाला, "ती नुसतं थँक्यू म्हणते. तीन वर्षं तू खोट्या वाक्यावर रडत होतीस."

हे मला फार लागलं. घरी येऊन जेवलेही नाही. महिन्याभरात मी जपानीच्या क्लासला नाव घातलं. पुण्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. तेव्हा एन-फाइव्ह, एन-फोर असं काही नव्हतं, सगळ्यात खालची लेव्हल ४, तिच्या वरची लेव्हल ३ अशा परीक्षा असायच्या. त्या दोन्ही दिल्या आणि जिद्दीने दिल्या.

एके दिवशी सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, 'आरिगातो'ची फोड करून सांगितली. 'आरु' म्हणजे असणं, 'काताइ' म्हणजे कठीण. जे असणंच कठीण, जे दुर्मीळ, ते 'आरिगाताइ', आणि त्यावरून 'आरिगातो'. मी वहीत लिहून घेतलं आणि हात तिथेच थांबला. युना हे कुणाला म्हणते आहे? ज्याचं असणंच अशक्य होतं त्याला! म्हणजे दादाचं 'थँक्यू' त्या शब्दापासून जेवढं दूर, तेवढंच 'आय लव्ह यू' दूर. उलट मी म्हणेन, 'आय लव्ह यू' जास्त जवळ.

कारण इंग्रजीत थँक्यू वाण्यालाही म्हणतात आणि बसच्या ड्रायव्हरलाही. जीव जडलेला माणूस डोळ्यांदेखत विरत असताना तिच्या तोंडी ते घातलं असतं तर प्रसंग तिथेच मेला असता. शिवाय या मालिकेतला आवाजात बोललेला हा पहिला गेम. पात्रांची तोंडं जपानी संवादांवर आधीच हलवलेली, इंग्रजी वाक्य तेवढ्या वेळात बसवायचं. अलेक्झांडर ओ. स्मिथ यांच्या अनुवादात त्या जागी तीन छोटे शब्द आले. इंग्रजीत मीही तेच केलं असतं. जपानीत ती मनातलं झाकून ठेवते आणि इंग्रजीत उघड बोलते, एवढं नुकसान झालं हे मान्य. पण नुकसान म्हणजे खोटं नव्हे.

दादाचं दुसरं अस्त्र म्हणजे फायनल फँटसी फोरमधलं "यू स्पूनी बार्ड!", म्हणजे 'प्रेमवेड्या भाटा!' मुलीची दशा पाहून पेटलेला म्हातारा टेला राजपुत्र एडवर्डवर धावून जातो तेव्हाचं वाक्य. मुळात तो नुसतं "किसामा!" ओरडतो. किसामा म्हणजे 'तू'च, पण तुच्छतेने थुंकलेला. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे, चिडलेला म्हातारा 'अरे-तुरे'वर आला की आपल्याला लगेच कळतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', मग वर काहीतरी चिकटवावंच लागतं. शब्द विचित्र निवडला, पण गरज खरी होती.

त्या काळी हे अनुवादक कशा अवस्थेत काम करायचे तेही बघा. फायनल फँटसी सिक्ससाठी टेड वूल्सी यांना जेमतेम महिनाभर मिळाला. जपानीत एका अक्षरात जेवढं मावतं त्याला इंग्रजीत दोन-तीन अक्षरं लागतात, आणि कार्ट्रिजमध्ये जागा मोजकी. त्यात निंटेंडोच्या अमेरिकेतल्या नियमांत धर्माचा उल्लेख चालत नव्हता, म्हणून 'होली' या मंत्राचं 'पर्ल' झालं. एवढ्या अडचणींतून केफ्कासारखा खलनायक इंग्रजीत जिवंत उतरला, याला मी नमस्कार करते.

वाईट अनुवादही आहेत. १९९७ च्या फायनल फँटसी सेव्हनमध्ये एरिसच्या तोंडी "धिस गाय आर सिक" आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. आणि टीडसचं जपानी नाव 'टीदा', ओकिनावाच्या बोलीत त्याचा अर्थ सूर्य. 'टीडस'मध्ये तो सूर्य मावळला, याचं मला आजही वाईट वाटतं. फायनल फँटसी टॅक्टिक्समध्ये डेलिटा राजकन्येला पळवताना म्हणतो, दोष द्यायचा तर स्वतःला दे नाहीतर देवाला. १९९७ च्या ओबडधोबड इंग्रजीत ते जवळपास तसंच आहे. २००७ च्या नव्या अनुवादातल्या देखण्या, जुन्या वळणाच्या इंग्रजीत तो तिच्या जन्माला आणि धर्माला दोष देतो. मला पहिलंच जास्त बोचतं.

तर तुम्ही इंग्रजीतच खेळा. भाषा आवडत असेल तर जपानी जरूर शिका, पण गेमसाठी म्हणून शिकू नका. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अक्षरं, शोधत बसलात तर साठ तासांची गोष्ट दोन वर्षं चालेल आणि शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसराल.

दादाचं शेवटचं आव्हान मात्र राहिलं होतं. २००९ मध्ये तो म्हणाला, "एवढं कळतं तर युनाचं वाक्य मराठीत करून दाखव." मी वही घेऊन बसले. 'धन्यवाद' लिहिलं, ते व्यासपीठावरचं आभारप्रदर्शन वाटलं. 'मी तुझ्यावर प्रेम करते' हे माझ्या ओळखीच्या कुठल्याही मराठी बाईने कधी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. 'तुझे उपकार' म्हणजे लगेच सावकार दिसतो. पानं भरली आणि वही कपाटात गेली.

२०११ मध्ये आमचे आजोबा गेले. आदल्या संध्याकाळी सगळे त्यांच्या खोलीत होतो. आजी पलंगाशी बसली होती. बराच वेळ ती काहीच बोलली नाही, मग त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "खूप केलंत हो माझ्यासाठी."

वही मी कित्येक आठवड्यांनी काढली आणि एकच ओळ लिहिली, "खूप केलंस रे." तोंडाच्या हालचालीतही ती बसते, मी तो प्रसंग लावून मोजून पाहिलं आहे.

एक सांगायला हवं. रोज आरिगातो म्हणणाऱ्या जपानी माणसाच्या मनात 'असणं कठीण' येत नसणार, जसं 'नमस्कार' म्हणताना आपण वाकण्याचा विचार करत नाही. आणि माझं जपानी लेव्हल ३ च्या पुढे फारसं गेलेलं नाही. ज्यांचं गेलं आहे त्यांनी चूक दाखवावी, मी दुरुस्त करेन.

दादाला ती ओळ पाठवली तेव्हा त्याचं उत्तर आलं, "मूळ वाक्यात 'खूप' कुठे आहे?" नाहीच. 'केलंस'ही नाही. पण आजी बोलली तेव्हा तो माझ्या शेजारीच उभा होता, आणि ऐकून खोलीबाहेर आधी तोच गेला होता.