आईंची लपवलेली पुडी

प्रश्न : माझी आई ६७ वर्षांची आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून दोन वर्षांपासून तिला वॉर्फरिनची, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी चालू आहे. सहा महिन्यांपूर्वी गुडघ्यांसाठी तिने एका वैद्यांची पुडी सुरू केली. गुडघ्यांना खरंच आराम पडलाय. पण आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, कधी १.६ येतो, कधी ३.९. डॉक्टर ओरडतील म्हणून पुडीचं सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातलीय. वैद्य म्हणतात, ‘त्या गोळीने रक्ताचं पाणी होतं, हळूहळू सोडा.’ मी पुरता कात्रीत सापडलोय. कोणाचं ऐकू?
— एक वाचक

उत्तर : शपथ आजच मोडा. डॉक्टरांना फोन करून पुडीचं सांगा आणि आयएनआर पुन्हा कधी तपासायचा ते विचारा. गोळी मात्र वैद्यांच्या सांगण्यावरून सोडू नका. अशा ठोक्यांमुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. गोळी आहे ती त्यासाठी. पुडीसुद्धा परस्पर बंद करू नका, कारण तिचा गोळीवर परिणाम होत असेल तर ती थांबवल्यावरही आकडा हलेल. शौचाला काळं झालं, हिरड्यांतून रक्त थांबेना किंवा पडून डोक्याला मार लागला, तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

आता आईंच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. ओरडणाऱ्या डॉक्टरांत मीही होते.

माझ्याकडे एक आजोबा यायचे. रक्तदाब काही केल्या उतरेना. एक गोळी झाली, दुसरी झाली, मी तिसरी लिहिली. पायांवर सूज, अंगात त्राण नाही. पोटॅशियम तपासलं तर २.८, ते साधारण ३.५च्या वर हवं. त्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. खोकल्यासाठी घेतलेलं ज्येष्ठमध, रोज दोनदा, तीन महिने. ज्येष्ठमधाचा हा गुण पुस्तकात लिहिलेला आहे : शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम निघून जातं, दाब चढतो. ‘आधी का नाही सांगितलंत?’ मी चढ्या आवाजात विचारलं. आजोबा शांतपणे म्हणाले, ‘मागे एकदा काढ्याचं सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही हसला होतात.’

मला ते हसणं आठवतसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्या वैद्यांना फोन लावला, भांडायच्याच तयारीने. ते म्हणाले, ‘मी पंधरा दिवसांचंच दिलं होतं. दाबाच्या गोळ्या चालू आहेत हे मला कोणी बोललं नाही.’ म्हणजे आजोबा त्यांनाही घाबरून होते! पुडी थांबली, महिन्याभरात माझी तिसरी गोळी सुटली.

हे एकट्या आजोबांचं नाही. अमेरिकेत १९९० साली केलेली एक पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दर तिघांपैकी साधारण एकाने वर्षभरात कुठला ना कुठला पर्यायी उपचार घेतला होता आणि त्यांतल्या ७२ टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

‘झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, गोळी म्हणजे रसायन’ या वादात वॉर्फरिन तर फारच गमतीशीर आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. कारण निघालं ‘स्वीट क्लोव्हर’ नावाच्या वनस्पतीचा बुरशी लागलेला चारा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्यातलं द्रव्य वेगळं झालं आणि त्याच घराण्यातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये आधी उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं; माणसांसाठी १९५४ मध्ये. हे तुमच्या वैद्यांना जरूर सांगा. आणि डॉक्टरांनी पुडीला नाक मुरडलं, तर त्यांनाही सांगा.

या गोळीचा डोस फार अरुंद वाटेवरून चालतो. आईंच्या आजारात आयएनआर सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात. पालेभाजी एकदम वाढवली तरी आकडा खाली येतो, काही प्रतिजैविकांनी वर जातो. तेव्हा दोष पुडीचाच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण पुडीत काय आहे हे माहीत नसेल, तर डॉक्टर अंधारात डोस बदलत राहणार.

म्हणून वैद्यांकडून घटकद्रव्यं त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. पारा, शिसं घातलेलं भस्म आहे का, हेही विचारा. ‘ते गुपित आहे’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठा. तो कागद, गोळ्यांची यादी आणि सहा महिन्यांचे आयएनआर, तारखांसकट, दोघांच्याही टेबलावर ठेवा. दोघांना एकमेकांचे फोन नंबर द्या. निरोप्याचं काम तुम्ही करू नका. त्यात शब्द बदलतात. कागद न वाचताच डॉक्टर पुडीवर तोंडसुख घेऊ लागले, तर दुसरे डॉक्टर शोधायला हरकत नाही. फक्त ते मिळेपर्यंत गोळी आणि तपासणी चुकवू नका.

आणि यादी करायला बसाल तेव्हा आईंना आणखी काही चालू आहे का, हे सहज विचारा. माझ्या अनुभवात अशा घरांत शेजारणीने दिलेली एखादी बाटली हमखास निघते.